वासोट्याचा दुसरा दिवा

तरंगसेतू मायक्रो या कंपनीनं बिनतारी उपकरणांच्या चिप रचणारं आपलं प्रादेशिक अभियांत्रिकी केंद्र साताऱ्यात काढलं, त्यामागे एक अहवाल होता. या गावची माणसं सहसा सोडून जात नाहीत, असं त्यात म्हटलं होतं. अहवाल लिहिणारा बंगळुरूचा, पण बोलला खरं. साताऱ्याचा माणूस नोकरी सोडत नाही, घर सोडत नाही आणि शेजाऱ्याशी सामाईक भिंतीवरून चाललेलं भांडण तर मरेपर्यंत सोडत नाही.

केंद्र होतं कोरेगाव रस्त्याला, एमआयडीसीत. एकशे दहा माणसं, एक कँटीन आणि एक परंपरा: प्रत्येक नव्या चिपला किल्ल्याचं नाव द्यायचं. पहिल्या चिपचं नाव ठेवलं अजिंक्यतारा. ती तीनदा पडली. तेव्हापासून नाव आणि गुण यांचा संबंध जोडायचा नाही, असं एकमतानं ठरलं. आताची चिप होती वासोटा.

ऋजुता फडतरे या केंद्रात पडताळणी विभागाची प्रमुख होती. वय त्रेचाळीस, लग्न केलेलं नाही, चौकशा करून लोक दमलेले. दुसऱ्यांनी रचलेली चिप मोडून दाखवायची हे तिचं काम, आणि मोडल्यावर चेहऱ्यावर आनंद दिसू द्यायचा नाही ही त्यातली शिस्त.

वासोट्याचं काम सांगायला सोपं होतं. जुना राउटर म्हणजे ओसरीवरचा बल्ब. उजेड सगळीकडे सांडतो, माणसाच्या वाट्याला थोडाच येतो. वासोटा म्हणजे टॉर्च. तुमच्या हातातल्या फोनवर नेमका झोत टाकायचा. पण माणूस एका जागी बसेल तर तो माणूस कसला? तो उठला की झोत हुकतो. म्हणून वासोटा कान देऊन असे. आपलं शरीर म्हणजे बरंचसं पाणी; रेडिओलहरी त्यावर आपटून माघारी येतात आणि येताना चाहूल घेऊन येतात. पाऊल कसं पडतं, छाती श्वासानं किती हलते, उठताना हात गुडघ्यावर जातो की खुर्चीवर. यावरून घरात किती शरीरं आहेत आणि अर्ध्या सेकंदानंतर ती कुठे असतील, एवढं वासोटा ताडत असे, आणि झोत आधीच तिथे जाऊन थांबत असे.

इथवर सगळं ठीक होतं. पण चिपमध्ये थोडी मेमरी शिल्लक राहिली. शिल्लक मेमरी आणि शिल्लक पोळी साताऱ्यात टाकवत नाही. कुणीतरी म्हणालं, अंदाज अर्ध्या सेकंदाऐवजी आणखी पुढचा घेऊन बघू. तास झाला, दिवस झाला, वाढता वाढता नऊ दिवस झाले. नऊच का, तर दहाव्या दिवसाला जागा उरली नव्हती.

विक्रीपूर्वीच्या चाचणीसाठी बारा डब्या केंद्रातल्याच बारा जणांच्या घरी बसवल्या. डबीवर प्रत्येक शरीरामागे एक हिरवा दिवा. शरीर घरात असेल आणि वासोट्यानं त्याच्यासाठी जागा राखली असेल, तर दिवा लागे. नवव्या दिवशी जे शरीर घरात नसणार असं वासोट्याला वाटे, त्याचं नाव तो त्याच क्षणी काढून टाकी. पंगतीला न येणाऱ्याचं पान आधीच उचलावं, तसं. इंटरनेट चालू राही. फक्त त्या माणसासाठी दिवा लागत नसे.

कदमांच्या घरचा दिवा गेला, नवव्या दिवशी त्यांच्या सासूबाई गेल्या. शबाना मुलाणीच्या माडीवरच्या भाडेकरूचा दिवा गेला, नवव्या दिवशी भाडेकरू न सांगता सामान घेऊन पसार. केंद्राचे प्रमुख मोहिते सर यांच्या घरचा दिवा गेला. त्यांनी देवाला नारळ बोलला, आणि नवव्या दिवशी त्यांच्या लेकीनं पुण्यात मैत्रिणींबरोबर खोली घेतल्याचं जाहीर करून घर सोडलं. सर नारळ फोडायला गेले ते रडत की हसत, हे पुजाऱ्यालाही कळलं नाही.

"अकरा घरं, अकरा बरोबर," सर मीटिंगमध्ये म्हणाले. "माणूस जायच्या आधी त्याच्या शरीराला कळलेलं असतं. कदमांच्या सासूबाई आठवडाभर उंबऱ्याशी थबकत होत्या म्हणे. आता एकच घर राहिलं. मॅडम, तुमच्याकडचं काय?"

"दोन दिवे, दोन्ही चालू," ऋजुता म्हणाली.

हे शुक्रवारी. सोमवारी सकाळी ती डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली, तर डबीवर एकच दिवा.

घरात माणसं दोनच. ती आणि तिचे वडील, गणपतराव फडतरे. गोडोलीतल्या या फ्लॅटमध्ये त्यांना सगळे आबा म्हणत. चौतीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार. शेताच्या बांधावरून चालताना पावलं मोजायची सवय, आणि प्रत्येक पाऊल अडीच फुटांचं. ना पावणेतीन, ना सव्वादोन. आई लवकर गेली, म्हणून लहानपणी ऋजुता सुट्टीत त्यांच्याबरोबर मोजणीला जायची, त्यांच्या पावलावर पाऊल टाकत. तीच चाल तिला लागली. जिन्यात पाऊल वाजलं की वर आलं कोण, बाप की लेक, हे खालच्या देशमुखीणबाईंना वीस वर्षं सांगता आलं नव्हतं.

"आबा, बरं वाटतंय ना?"

"मला काय धाड भरलीय? आता ऐंशी पुरी होतील. पोह्यांत मीठ कमी आहे, बाकी उत्तम."

तिनं त्यांच्याकडे बघितलं. मग स्वतःच्या हाताकडे बघितलं. दोघांपैकी एक. वासोट्याला नावं कळत नव्हती.

संध्याकाळी तिनं आबांना सगळं सांगितलं. लपवून उपयोग नव्हता. मोजणीदाराला नकाशात खोट लगेच दिसते. आबांनी ऐकून घेतलं, डबीकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "मग मोजून टाकू की. एक जण खाली जाऊ दे. वर उरला त्याचा दिवा लागतो का बघायचं. हाय काय अन् नाही काय."

"तेच म्हणणार होते."

"आधी मी जातो."

ते चपला घालून निघाले. ती दारापर्यंत पोचवायला गेली, आणि परत येऊन डबीसमोर उभी राहिली. खिडकीतून आबा खाली पारिजातकाजवळ उभे दिसत होते. घरात ती एकटी. डबीवर एकही दिवा नव्हता.

तिनं हात हलवला. खोलीत चार पावलं चालून आली. जोरात श्वास घेतला. एखाद्या ओळखीच्या माणसानं रस्त्यात आरपार बघत निघून जावं, तशी ती डबी भिंतीवर होती.

मग उलट मोजणी. ती खाली गेली, आबा वर. पाच मिनिटांनी त्यांनी खिडकीतून हाक दिली, "लागलाय गं! हिरवागार!"

दोन्ही मापं जुळली. नाव तिचं गेलं होतं.

आश्चर्य म्हणजे तिला आधी हलकं वाटलं. जाणारे आबा नाहीत, एवढंच मनात आलं. भीती नंतर, जिना चढताना आली.

"कुठं जाणार आहेस का तू?" आबांनी विचारलं.

"नाही."

"बंगळुरूचं ते बढतीचं पत्र होतं ना?"

"सकाळीच नाही म्हणून कळवलं."

"का?"

"असंच."

आबांनी हे 'असंच' जरा वेळ तोंडात घोळवलं. त्याचा अर्थ तेच होते, हे दोघांनाही ठाऊक होतं. मग ते खुर्चीत नीट बसले. बांधाच्या भांडणात दोन्ही भाऊबंदांना समजवायचे तेव्हाचा त्यांचा आवाज लागला.

"हे बघ. डबी काय म्हणते? पुढच्या बुधवारी तू या घरात नसशील. जगात नसशील, असं म्हणते का?"

"नाही. तिला घराबाहेरचं काही कळत नाही."

"मग झालं तर. मंगळ असलेल्या पोरीचं लग्न आधी मडक्याशी लावतात, का? गंडांतर असतं. त्याला काहीतरी द्यावं लागतं. मडकं दिलं की ते फोडून समाधानानं जातं, नवरा वाचतो. तू बंगळुरूला जा. डबीचं खरं होईल, तुझंही बरं होईल. स्वस्तात सुटशील."

"आबा, तुम्ही कधीपासून असलं मानायला लागलात?"

"मी नाही मानत. डबी मानते. तुमच्या केंद्रानंच शिकवलंय तिला."

"आणि तुम्ही इथे एकटे?"

"एकटा कसला? खाली देशमुखीण आहे, तिच्याशी भांडेन. मेसचा डबा लावीन. पोह्यांत मीठ तरी असेल."

ती विज्ञानाची पदवीधर होती, चिप मोडण्यात तिची हयात गेली होती. मंगळवारी सकाळी तिनं बंगळुरूला कळवलं, की विचार बदलला आहे. सातारचं माणूस बदलीला हो म्हणाल्याचा मुख्यालयाला एवढा धक्का बसला, की सोमवारीच रुजू व्हा असं अर्ध्या तासात उत्तर आलं. रविवारी तिनं बॅग भरली. आबांनी ती दोनदा उघडून पुन्हा भरली, कारण तिनं भरलेली काटकोनात नव्हती. टॅक्सी वळेपर्यंत ते गॅलरीत उभे होते.

सोमवारी बंगळुरूत पहिलं काम आलं ते जुनंच. साताऱ्याचं दप्तर शबाना मुलाणीच्या हवाली करायचं होतं. दोघी व्हिडिओ कॉलवर बसल्या.

चिपचा आराखडा कारखान्यात पाठवण्याआधी हजारो चाचण्या होतात. बहुतेक पास होतात. काही होत नाहीत, आणि तारीख तर डोक्यावर असते. मग तिघांनी सह्या करायच्या, की हा दोष आम्हाला माहीत आहे, हा क्वचितच घडेल, याला माफ करावं. सगळ्या जगात ही पद्धत आहे. साताऱ्यात तिला सरळ 'माफी' म्हणत. वासोट्याला एकूण सत्तावन्न माफ्या होत्या, आणि सगळ्यांवर पहिली सही ऋजुताची.

"चाळीस झाली," शबाना वाचत होती. "एक्केचाळीस. घरातल्या दोन शरीरांची चाल अगदी सारखी असेल, आणि ती दाराशी एकमेकांजवळून गेली, तर वासोटा त्यांची अदलाबदल करू शकतो. बाहेर गेलेल्याला आत आणि आतल्याला बाहेर समजेल. शक्यता नगण्य. चाल सहसा सारखी नसते. सही, ऋजुता फडतरे. पुढची बेचाळीस..."

"थांब."

"काय गं?"

"आमच्या घरच्या डबीची नोंद उघड. गेल्या सोमवारची, संध्याकाळची."

"उघडली. सहा चाळीसला एक शरीर बाहेर. घरात दिवे शून्य."

"तेव्हा आबा बाहेर, घरात मी. त्यानंतरचं?"

"सात वाजता दुसरं बाहेर. घरात दिवे..." शबाना थांबली. "शून्य. दोन्ही वेळा शून्य? असं कसं? एकाचा तरी लागायला हवा होता ना?"

हवाच होता. एक माप चुकलं होतं. आबा खाली जाताना दाराशी ती त्यांना खेटून उभी होती, आणि मग त्यांच्याच अडीच फुटांच्या पावलांनी आत आली होती. वासोट्याला वाटलं, लेक बाहेर गेली, बाप आत उरला. दिवा लागला नाही तो त्या बापाचा. आबा परत वर येताना दोघं दाराशी पुन्हा जवळून गेली, आणि अदलाबदल उलटून जागेवर आली. आणि दुसरं माप? ते तिनं डोळ्यांनी बघितलंच नव्हतं. वीस वर्षं दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास न ठेवण्याचा पगार घेणाऱ्या बाईनं खिडकीतून आलेली एक हाक खरी धरली होती.

तिनं घरी फोन लावला.

"आबा, गेल्या सोमवारी मी खाली उभी होते, तेव्हा दिवा लागला होता का?"

"तुला सांगितलं ना."

"नोंद माझ्यासमोर आहे."

 पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज.

"नव्हता लागला."

"आणि आत्ता?"

"आत्ताही नाही. त्या सोमवारपासून नाहीच. तू कामावर गेलीस, की मी त्याच्यासमोर येऊन बसायचो. चहा प्यायचो, पेपर मोठ्यानं वाचायचो. एकदा टाळ्यासुद्धा वाजवल्या. त्याच्या हिशेबी घरात कुणीच नसतं." आबा हसले. "ऋजू, चौतीस वर्षांत एक माप खोटं लिहिलं नाही. हे एकच."

"का पण?"

"मी राहिलो असतो तर तू राहिली असतीस. मी गेलो असतो तरी तू त्याच घरात राहिली असतीस, माझी खुर्ची पुसत. म्हटलं, जायचंच असेल तर पोरीला आधी मार्गी लावून जावं."

"डॉक्टरांकडे गेला होतात?"

"परवा. दोन तास तपासलं. म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम. कदमांच्या सासूबाईंनाही हेच म्हणाले होते."

मंगळवारी दुपारी ती गोडोलीत होती. दार आबांनीच उघडलं. उघडून आत वळताना ते उंबऱ्याशी थबकले. क्षणभरच. पुढचं पाऊल कुठे टाकायचं हे विसरल्यासारखे. मग चालू लागले. तिनं ती पावलं नकळत मोजली. ती अडीच फुटांची नव्हती.

"भरा बॅग," ती म्हणाली.

"कुणाची?"

"तुमची. उद्या बुधवार. डबी काय म्हणते? तुम्ही या घरात नसाल. जगात नसाल असं म्हणते का?"

"अगं, ते मी तुला घालवायला बनवून सांगितलं होतं."

"बनवून सांगितलं म्हणून खोटं होतं असं नाही."

"मी कुठं जाऊ या वयात? तिथली भाषा येत नाही, माणूस ओळखीचा नाही. मरायचं तर आपल्या..."

"आबा, माझं गंडांतर तुम्ही मडक्यावर भागवलंत. आता तुमचंही बंगळुरूच्याच मडक्यावर भागू दे. येणार नसाल तर मी इथेच बसते, बंगळुरूला जात नाही."

ही धमकी लागू पडली. सबंध आयुष्यात त्यांनी एकच खोटं माप दिलं होतं आणि ते फुकट जाणार होतं. हे कुठल्याच मोजणीदाराला सोसत नाही.

बुधवारी सकाळी दोघं निघाली. खाली देशमुखीणबाई म्हणाल्या, "किती दिवसांसाठी?" आबा म्हणाले, "डबीला विचारा." वाटेत निपाणीला त्यांनी उपमा खाल्ला आणि वाईट आहे म्हणून सांगितलं. हुबळीच्या पुढे ते तासभर डोळे मिटून पडले. तो सगळा तास ऋजुता त्यांच्या सदऱ्याचं दुसरं बटण वर-खाली होताना बघत राहिली. अंधार पडायच्या बेतात बंगळुरूच्या वेशीवर फोन वाजला. मोहिते सर होते.

"अभिनंदन, मॅडम! तुमच्या घरची नोंद आत्ताच आली. नववा दिवस, शरीर घरात नाही. बारापैकी बारा! मुख्यालयानं विक्रीला मंजुरी दिली. आबा बरे आहेत ना?"

"शेजारीच बसलेत."

"वा! म्हणजे आनंदच आहे."

आनंद होताच. घर तर ऋजुतानंही सोडलं होतं आणि तिचा दिवा चालू होता, पण केंद्रात फक्त गेलेले दिवे मोजत. फक्त वासोट्यानं नेमकं काय बघितलं होतं, हे आता कुणालाच कधी कळणार नव्हतं. मरण बघितलं होतं आणि तिनं ते चुकवलं? की उंबऱ्याशी थबकणारा बाप हे घर सोडून जाईल, एवढंच त्यानं पहिल्यापासून बघितलं होतं? दोन्हींची नोंद सारखीच होते. शरीर घरात नाही.

गुरुवारी, दहाव्या दिवशी, आबा सहाला उठले आणि कंपनीच्या अतिथीगृहातला चहा पाणचट आहे म्हणाले. ऋजुता न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. वर्षभरानं कंपनीनं दिलेल्या घरात दोघं राहायला गेली. नवी इमारत, सतरावा मजला, हवा चांगली. संध्याकाळी आबा पलंगावर पडून छताकडे बघत होते.

"हे पांढरं गोल काय आहे गं? धुराचं का?"

"वासोटा. विक्रीचा. आता सगळ्या नव्या घरांत बसवूनच देतात."

"याला दिवे दिसत नाहीत ते?"

"काढले. लोक विचारायला लागले, हे दिवे कशाचे म्हणून. विक्री विभाग म्हणाला, नकोत."

"म्हणजे आत ते चालूच आहे. फक्त आपल्याला दिसत नाही."

"हो."

"नोंद तरी बघता येते का?"

"ती चाचणीच्या डब्यांची. घरातलं घरातच राहावं म्हणून विक्रीच्या चिपमधून नोंद बाहेर येत नाही. मीच पडताळलंय. चोख आहे."

आबा त्या पांढऱ्या गोलाकडे पाहत राहिले. त्यांचा श्वास चालला होता, जरा घाईत, आणि वर तो कुणीतरी मोजत होतं.

"ऋजू," ते म्हणाले, "आहे का मी त्याच्यात?"

"आहात," ती म्हणाली, आणि त्यांच्या पायांवर पांघरूण ओढलं.